वीस हजाराची सायकल

बरेच शनिवार-रविवार झाले, काही लिहिलं नाही. रिलीज होतं, मग रिलीजनंतरचे बग्ज होते, मग नुसताच कंटाळा होता. पण महिन्याभरापूर्वीचा एक शनिवार डोक्यातून जात नाहीये. तो एकदाचा लिहून टाकतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी तासगावचा. बेदाण्याचं आणि गणपतीचं तासगाव, जिल्हा सांगली. आमच्या अण्णांचं तिथे सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, बाहेर पाण्याचं घमेलं, हवेचा पंप आणि छताला टांगलेली टायरं. मी लहान असताना भाड्याच्या चौदा सायकलीपण होत्या, मडगार्डवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेल्या. तासाला दोन रुपये. शाळा सुटली की मी दुकानात बसायचो, वहीत वेळ लिहायचो आणि पंक्चर काढायचो. ट्यूब घमेल्यात बुडवायची, बुडबुडा शोधायचा, काचपेपरने घासायचं, सोल्युशन लावायचं, फुंकर मारायची, पॅच दाबायचा. सोल्युशनचा वास हाताला दोन दिवस राहतो. सातवीत वर्गातली मुलं नाक मुरडायची, म्हणून मी लिंबू लावून हात धुवायचो. दुकानाची लाज वाटायची असं सरळ लिहायला आत्ताही जड जातंय. पण वाटायची.

२०१५ साली मी सांगलीला इंजिनिअरिंगला गेलो. त्या उन्हाळ्यात अण्णांनी भाड्याच्या सगळ्या सायकली विकल्या. "आता कोण घेतंय भाड्यानं? नुसती जागा अडवून बसल्यात," म्हणाले. ते खरंच होतं. फी भरायची होती हेही खरंच होतं.

पुढचं सगळं तुमच्यापैकी बऱ्याच जणांसारखंच. कँपस, पुण्यात चार वर्षं, मग बार्सिलोना. इथे येऊन दोन वर्षं झाली. ऑफिसात बरेच जण सायकलवाले. सोमवारी चहाच्या मशीनपाशी चर्चा काय, तर कोण कुठल्या डोंगरात किती मीटर चढला! मी सायकलवाल्याचा पोरगा, किती दिवस गप्प बसणार? गेल्या एप्रिलमध्ये ग्रॅव्हल बाईक घेतली.

ग्रॅव्हल म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दिसायला रेसच्या सायकलीसारखी, खाली वळलेलं हँडल. पण टायर चाळीस-पंचेचाळीस मिलीमीटर रुंद, डिस्क ब्रेक, आणि चढासाठी अगदी हलके गिअर. डांबरी रस्ता संपला तरी थांबायचं नाही, मातीच्या, खडीच्या, जंगलातल्या वाटेने जायचं. हे खूळ मुख्यतः अमेरिकेतून आलं. कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावात २००६ साली दोनशे मैलांची खडीच्या रस्त्यांवरची शर्यत सुरू झाली तेव्हा जेमतेम चौतीस जण होते. आज तिथे हजारोंनी लोक येतात. २०२२ पासून तर ग्रॅव्हलची अधिकृत जागतिक स्पर्धाही होते. हे सगळं मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी सगळ्या तालुक्यात चालती तसलीच की सायकल." बरोबर आहे. आमच्याकडची प्रत्येक सायकल ग्रॅव्हल बाईकच होती, फक्त कुणी तसं म्हणत नव्हतं. :)

त्याच फोनवर त्यांनी विचारलं, "केवढ्याला पडली?"

आणि मी म्हटलं, "वीस हजाराला."

सायकल दोन हजार तीनशे युरोची. म्हणजे दोन लाखांच्या वर. हा आकडा जिभेवर आलाच नाही. अण्णा रागावले असते म्हणून नाही, ते पैशावरून कधी रागावत नाहीत. पण दुकानाचा गल्ला मी मोजलेला आहे ना! वर्षभर पंक्चरं काढून, चेन बदलून, चाकाचा आऊट काढून हातात किती राहतं ते मला नीट माहीत आहे. ज्याच्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त पैसे आपण शनिवारच्या हौसेसाठी टाकले, ती वस्तू सायकलच, आणि तो माणूस सायकलवालाच. हे कसं सांगायचं? आणि वीस हजार हा आकडाही अगदी हवेतून आला नव्हता. त्या चौदा सायकलींचे मिळून सतरा की अठरा हजार आले होते. त्याच्या जवळपासचं काहीतरी तोंडातून गेलं.

अण्णा म्हणाले, "वीस म्हंजी बरीच की. पर गिअरची हाय, ठीक हाय." विषय संपला. म्हणजे मला वाटलं संपला.

तर तो शनिवार. ऑक्टोबरचा मध्य. सकाळच्या रेग्युलर गाडीत सायकल घालून मी जिरोनाला उतरलो. बार्सिलोनापासून सव्वा-दीड तास, सायकलीचं तिकीट नाही. जिरोना म्हणजे सायकलवाल्यांची पंढरी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन व्यावसायिक सायकलपटू इथे राहायला लागले आणि मग जगभरातून येतच राहिले. कारण सोपं आहे. उत्तरेला पिरेनीज, पूर्वेला समुद्र, थंडी सौम्य, आणि गावाबाहेर पडलं की दहा मिनिटांत जंगल.

त्या जंगलाचं नाव लेस गवारेस. ऐकून गवारीची भाजी आठवते, पण आहे ती डोंगररांग. सर्वांत उंच टोकही ५३० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सह्याद्रीवाल्याने हसावं इतकं. पण ती सरळ चढून सरळ उतरत नाही. नुसत्या सुरकुत्या आहेत. शंभर मीटर चढा, ऐंशी उतरा, परत शंभर चढा. दिवसाअखेर हिशोब केला की कळतं आपण एक सिंहगड नाही, दोन चढलोय.

पहिला चढ एल्स आंजेल्सचा. डोंगरावर एक जुनं देवस्थान आहे, तिथे साल्वादोर दाली आणि गाला यांनी १९५८ साली चर्चचं लग्न केलं. कोर्टाचं लग्न त्यांनी त्याच्या चोवीस वर्षं आधी पॅरिसमध्ये उरकलं होतं. वरून एका बाजूला पिरेनीज आणि दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्राची निळी पट्टी दिसते. मी बेदाणे खाल्ले (आईने पाठवलेले, जाड प्लास्टिकच्या पाकिटातले), पाणी प्यालो आणि पलीकडे उतरलो.

खालची गावं म्हणजे मादरेमान्या, मोनेल्स, क्रुईयेस. सगळी दगडी. मोनेल्सच्या चौकाला कमानी आहेत, पूर्वी तिथे बाजार भरायचा. आता शनिवारी बार्सिलोनाच्या गाड्या भरतात. गल्लीतल्या एका आजींना "बॉन दिया" म्हटलं तर त्या झाडू थांबवून पूर्ण उत्तर देतात. शहरातल्यासारखं तोंडातल्या तोंडात नाही.

क्रुईयेस सोडलं की रस्ता दक्षिणेला जंगलात शिरतो आणि बुचाची झाडं सुरू होतात. बूच म्हणजे बाटलीचं बूच, कॉर्क. आपल्याकडच्या पांढऱ्या सुवासिक फुलांच्या बुचाच्या झाडाशी याचा संबंध नाही. हा एक प्रकारचा ओक आहे, कातालान भाषेत सुरो. त्याची साल खरवडीत, जाड, हाताला कोमट लागते. उन्हाळ्यात कुऱ्हाडीने ती सोलून काढतात, आतल्या जिवंत थराला धक्का न लावता. मग खोड खाली तांबडं-नारिंगी दिसतं आणि वर करडं, जणू झाडाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीये. झाड मरत नाही, साल परत येते. पोर्तुगालमध्ये दोन सोलण्यांत कमीत कमी नऊ वर्षं जाऊ देतात, इथे साल हळू वाढते म्हणून बारा-चौदा लागतात. लावल्यापासून पहिली साल काढेपर्यंतच पंचवीस-तीस वर्षं जातात, आणि ती पहिली साल बुचाच्या कामाची नसते. ओबडधोबड असते. चांगलं बूच मिळायला तिसरी सोलणी यावी लागते. म्हणजे जो लावतो त्याला बूच मिळत नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की आम्ही ज्या वाटांवर मजेने सायकली हाणतो त्या मजेसाठी झालेल्या नाहीत. या बुचासाठी, कोळशाच्या भट्ट्यांसाठी, लाकडासाठी माणसांनी आणि खेचरांनी त्या पाडल्या. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर घरोघरी गॅस आला, कोळसा संपला, लोक किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आणि शहरांत कामाला गेले. शेतात झाडी वाढली. वाटेत दगडी घरं लागतात, छप्पर पडलेली, चुलीच्या जागेतून झाड वर आलेलं. काही वाटा आता वणव्याच्या बंदोबस्तासाठी राखल्या आहेत, आणि शनिवार-रविवारी आमच्यासारखे हेल्मेटवाले.

आणि शिकारी. ऑक्टोबरात रानडुकरांची शिकार सुरू असते. रोमान्याच्या वाटेवर एका फाट्याला पिवळी पाटी दिसली, "हाकारा चालू आहे, धोका" अशा अर्थाची. मी शहाण्यासारखा उजवीकडची दुसरी वाट धरली. ती वाट शहाण्यासारखी नव्हती. उतार, पानांचा थर, आणि पानांखाली पाटीच्या दगडाच्या उभ्या कपच्या. एका वळणावर मागच्या चाकातून "फस्स" आवाज आला आणि माझ्या पोटऱ्यांवर पांढरं दूध उडालं.

या टायरांत ट्यूब नसते. आत लॅटेक्सचं पांढरं द्रव घालतात. काटा घुसला तर ते भोकातून बाहेर येतं आणि तिथेच घट्ट होऊन भोक बुजवतं. काट्याला ठीक आहे. इथे बाजूच्या भिंतीला चांगला दोन सेंटीमीटरचा काप गेला होता. रबराची वात घुसवून बघितली, बाहेर आली. दुसरी घुसवली, तीही आली. शेवटी जवळची ट्यूब घातली, हवा भरली, तर कापातून ट्यूबचा फुगा बाहेर डोकवायला लागला. तसाच गेलो असतो तर शंभर मीटरवर धडाम. बॅगेत दुसरी ट्यूब नाही. जवळचं मोठं गाव तासा-दीड तासाच्या चालीवर. पायात ते खालून लोखंडी चकती असलेले बूट.

बरोबर बारा वाजले होते आणि फोन वाजला. अण्णा. दर शनिवारी दुपारी साडेतीनला, दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा ते व्हिडिओ कॉल करतात. इथे तेव्हा बारा. डोंगराच्या धारेवर होतो म्हणून रेंज होती.

"कुठं हाईस? मागं जंगल दिसतंय."

सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला. म्हणजे काळजीने नाही, दुकानात कुणी मोडकी सायकल घेऊन आलं की व्हायचा तसा. "दाव बघू," म्हणाले.

एका हातात फोन आणि एका हातात टायर, काही दिसेना. तेवढ्यात वरून पाचोळ्याचा आवाज झाला. नारिंगी जॅकेट घातलेले, सत्तरीचे एक शिकारी आजोबा, खांद्याला बंदूक, बरोबर कुत्रं. माझी छातीच दडपली. पण त्यांनी चाकाकडे बघून फक्त विचारलं, "पुंशाडा?" पंक्चर. मी मान हलवली. फोनकडे बोट करून माझ्या मोडक्या कातालानमध्ये सांगितलं की हे माझे वडील, हे सायकल मेकॅनिक आहेत. आजोबांनी बंदूक झाडाला टेकवली आणि न विचारता माझ्या हातातून फोन घेऊन टायरसमोर धरला.

"आतनं गेटर टाकाय पायजे," तासगावहून आवाज आला. "जुन्या टायरचा तुकडा हाय का?"

"नाही."

"मग जाड प्लास्टिक. कायतरी. चार घड्या कर. कापापेक्षा दुप्पट मोठी पायजे."

बेदाण्याचं पाकीट! उरलेले बेदाणे खिशात ओतले, पाकीट दुमडलं. आजोबांनी कमरेचा चाकू काढून कडा नीट कापून दिल्या. मी ते टायरच्या आत बसवत होतो आणि अण्णा सूचना करत होते. "वर घे. आनी थोडं. आता ट्यूब थोडी फुगवून बसीव, म्हंजी सरकायचं न्हाई." आजोबा "बे, बे" म्हणत होते, म्हणजे "छान, छान". अण्णांना वाटलं ते काहीतरी विचारतायत, तर ते आजोबांना "व्हय, व्हय" म्हणत होते. दोघांचं एकदम उत्तम जमलं होतं.

टायरची कड रिममध्ये दाबताना अण्णा सहज म्हणाले, "टायर लई हलकं दिसतंय. धाग्याचं काम बारीक हाय. केवढ्याला येतंय?"

माझं लक्ष हातातल्या कामात. म्हटलं, "पन्नास युरो. पाच हजार धरा."

"एक?"

"हां."

गप्प. मग शांतपणे, बिल करताना करायचे तशी बेरीज, "जोडी धा हजार. आनी बाकीची सायकल धा हजारात?"

मी वर बघितलं. आजोबांनी फोन इमानेइतबारे माझ्या तोंडासमोर धरला होता. खोटं बोलायला अजून जागा होती. सेलमध्ये मिळाली, जुनी होती, टायर नंतर बदलले. सगळी उत्तरं तयार होती. पण हात लॅटेक्सने चिकट झाले होते आणि त्याला जवळजवळ सोल्युशनसारखाच वास येत होता. मी म्हटलं, "अण्णा, दोन लाख वीस-तीस हजार पडले सगळे मिळून."

जंगलात कुत्र्याच्या धापा तेवढ्या ऐकू येत होत्या. आजोबांना भाषा कळत नव्हती, पण काहीतरी झालंय हे कळलं असावं. ते दुसरीकडे, झाडांकडे बघायला लागले. फोन मात्र हलू दिला नाही.

अण्णा म्हणाले, "आधी हवा भर. लई भरू नको, गेटर हाय."

मी हवा भरली. फुगा आला नाही. "जा सावकाश," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आजोबांनी मला मुख्य वाटेपर्यंत सोडलं, कुठून गेलो तर हाकाऱ्यात सापडणार नाही ते हातवारे करून सांगितलं. रोमान्याला साडेचार हजार वर्षांपूर्वीची दगडी समाधी आहे, ती बघायचं ठरवलं होतं. बघितली नाही. समुद्रापर्यंत जायचं होतं, तेही सोडलं. सगळं वजन पुढे टाकून सावकाश यागोस्तेरात उतरलो आणि तिथून जुन्या रेल्वेच्या वाटेला लागलो. जिरोना ते सांत फेलिउ बंदर अशी एक चिमुकली रेल्वे १८९२ पासून धावायची, रुळांमधलं अंतर फक्त ७५० मिलीमीटर. बूच बंदरावर न्यायला मोठा उपयोग. १९६९ साली बंद पडली. आता रूळ काढून तिथे चाळीसेक किलोमीटरची मातीची सायकलवाट केली आहे. जुनी स्टेशनं अजून उभी आहेत. एरवी ही वाट मला सपाट आणि कंटाळवाणी वाटते. त्या दिवशी वीसेक किलोमीटर तिच्यावरून जाताना प्रत्येक खड्याला मागे वळून चाक बघत होतो, आणि डोक्यात बेरीज चालू होती. चौदा सायकली. सतरा की अठरा हजार.

जिरोना स्टेशनवरून फोन लावला. आईने उचलला. "जेवले नाहीत नीट," म्हणाली, मग फोन दिला.

"पोचलास? गेटर टिकला?"

"टिकला. अण्णा, ते किमतीचं..."

"किमतीचं काय न्हाई रं. तू कमावतोस, तू घेतलीस. सायकलच घेतलीस, दारू तर न्हाई प्यालास." थोडं थांबले. "पर मी दुकानात समद्यांना सांगितलं. पोरानं परदेशात सायकल घेतली, वीस हजाराची. उधळमाधळ न्हाई करत म्हणून. म्हंजी तुझ्यामुळं मी खोटं बोललो की चार लोकांत."

हे मला सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं मी त्यांना एका आकड्यापासून वाचवतोय. खरं म्हणजे मी स्वतःला वाचवत होतो, लिंबू लावून हात धुवायचो तसंच. आणि ते तिकडे माझ्या खोट्याचं कौतुक वाटत फिरत होते. सॉरी म्हटलं. आमच्याकडे वडिलांना सॉरी म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. त्यांनी लगेच विषय बदलला, "ते पांढरं दूध कशाचं असतंय? आपल्या ट्यूबमध्ये घातलं तर चालंल का?"

गाडी येईपर्यंत वीस मिनिटं आम्ही लॅटेक्सवर बोललो. किती मिली घालतात, किती महिन्यांनी वाळतं, बाभळीच्या काट्याला टिकेल का. डिसेंबरमध्ये घरी जातोय तेव्हा एक बाटली घेऊन जाणार आहे. सामानात टायरही टाकणार आहे, तो कापलेला. त्यांना धाग्याचं काम हातात घेऊन बघायचंय. गेटर अजून आत आहे, पाकिटावरचं "तासगाव" अर्धं दिसतंय.

मागच्या शनिवारी परत साडेतीनचा फोन आला. अण्णा हसत होते.

"आज दुकानात खरी किंमत सांगून टाकली."

"मग?"

"कुणाला पटंना. म्हणाले, अण्णा, आता मात्र तुमी फेकायला लागला."